ओरिन ट्रास्कचं झाड

ऑक्टोबर लागला की वॉर्डलीच्या रस्त्यावर बॉस्टनच्या घोडागाड्या दिसू लागायच्या आणि गाडीतली माणसं समोर येईल त्याला विचारायची, ते झाड कुठे आहे? कुठलं झाड, असं उलट विचारायची वॉर्डलीत आता कुणालाच गरज राहिली नव्हती. गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. लोक बोटानेच ट्रास्कांचं घर दाखवायचे आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचे.

घरात अक्सा ट्रास्क असायची. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, हाडापेराने मजबूत बाई. पिठाचे हात पुसत ती बाहेर यायची, आलेल्या मंडळींना मागच्या दगडी गडग्यापर्यंत न्यायची आणि पलीकडे बोट दाखवायची. पलीकडच्या कुरणात नुसते धोंडे होते. तिथे कधी कुणी नांगर घातला नव्हता. त्या धोंड्यांमध्ये सफरचंदाचं एक झाड एकटं उभं होतं. ते कुणी लावलं नव्हतं. कुठल्याशा गाईच्या शेणातून पडलेल्या बीपासून ते उगवलं होतं. मग पुढची दहा वर्षं गाईंनीच त्याचा शेंडा खुडून खुडून त्याचं काटेरी झुडूप करून टाकलं होतं, आणि तरीही एक दिवस ते गाईंच्या तोंडाच्या वर निघालं होतं. ही सगळी हकिकत अक्साने सांगायची गरज नसायची. मंडळींना ती तिच्यापेक्षा चांगली पाठ असायची, कारण त्यांनी ती तिच्या भावाच्या तोंडून ऐकलेली असायची.

ओरिन ट्रास्क तिच्याहून तीन वर्षांनी लहान. धर्मशास्त्र शिकून तो पाळक झाला होता आणि दीड वर्षात व्यासपीठावरून खाली उतरला होता, कारण ठरलेल्या घटकेला ठरलेली प्रार्थना म्हणायला त्याचं मन घेईना. मनात नसताना देवाशी बोलणं म्हणजे खोटी साक्ष देणं, असं त्याने भर चर्चमध्ये सांगितलं होतं. नोकरी गेली, राहतं घर गेलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. ही गोष्ट त्याच्या वैऱ्यांनीही मान्य केली असती. तेव्हापासून तो गावोगावच्या व्याख्यानमालांत बोलत होता. माणसाने आपल्या आतून जे उमटतं त्यावर भरवसा टाकावा, चार लोकांच्या मताला भीक घालू नये, पुस्तकातून देव धुंडाळण्यापेक्षा रानात एकट्याने हिंडावं, असं तो सांगायचा. तो सांगायचाही असा की ऐकणारा घरी जाताना वेगळ्या वाटेने जायचा. नोव्हेंबरात बाहेर पडलेला ओरिन मे महिन्यात परत यायचा, आणि घरी असला तरी दिवसभर रानात असायचा. त्याच्या सगळ्या व्याख्यानांत गाजलेलं व्याख्यान त्या झाडाचं होतं.

त्यात एक जागा अशी यायची की सभागृहात कुणी खोकतही नसे. ओरिन आवाज उतरवून म्हणायचा की त्या झाडाचं फळ आंबट आहे, इतकं आंबट की डुकरंही तोंड वळवतात. त्या झाडाला विचारा, तू आंबट का? ते म्हणेल, मी तुमच्या जिभेसाठी उगवलोच नाही.

म्हणून मंडळी येत आणि ते फळ खाऊन बघत. दगडासारखं कडक हिरवं फळ दातांखाली घेताच भल्याभल्यांचे डोळे मिटायचे. बॉस्टनच्या एका बाईंच्या तर गालांवरून पाणी ओघळलं होतं आणि तशाही स्थितीत त्या म्हणाल्या होत्या की चव फार प्रामाणिक आहे. मग जाताना प्रत्येक जण आठवण म्हणून एकेक डहाळी मोडून घ्यायचा. कुणी ती पुस्तकात ठेवायचा, कुणी शेकोटीवरच्या फळीवर. कुणापुढे न वाकणाऱ्या झाडाचे हात असे दोन वर्षांत खांद्यापर्यंत खुडून झाले होते. गाईंना जे जमलं नव्हतं ते व्याख्यान ऐकलेल्या लोकांनी करून दाखवलं.

अक्साला यातलं बरंच दिसत होतं आणि ती गप्प होती. गप्प राहण्याला कारण होतं. त्या झाडाविषयीची एक गोष्ट जगात फक्त तिला ठाऊक होती.

चार वर्षांपूर्वी तिने त्या फळांची अर्धी टोपली डुकरांसाठी म्हणून तळघरात ठेवली होती आणि बटाट्यांच्या खोक्यामागे ती विसरून गेली होती. मार्चमध्ये खोकं हलवलं तेव्हा तळघरभर वास सुटला. टोपलीतली फळं सोन्यासारखी पिवळी झाली होती, सालीला हलकीशी सुरकुती पडली होती. तिने एक चाखून पाहिलं आणि पायरीवर बसून तीन खाल्ली. बाकीच्या घरांतली सफरचंदं त्या महिन्यात मऊ पडून चोथा झालेली असतात, आणि हे फळ तेव्हा कुठे वयात येत होतं. असं सफरचंद तिने आयुष्यात खाल्लं नव्हतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती एक टोपली ठेवत आली. पुढच्या हिवाळ्यात ओरिनला सांगायचं म्हणून ती पत्र लिहायला बसणार, तोच त्याच्याकडून नव्या व्याख्यानाची हस्तलिखितं आली. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, म्हणून व्याख्यानांच्या स्वच्छ प्रती अक्साच काढायची. त्या कागदांत ती आंबटपणाची जागा होती. वाचताना तिच्याही अंगावर काटा आला. मग सांगायचं राहून गेलं. पुढे लोक येऊ लागल्यावर सांगणं आणखी अवघड झालं.

पण त्या ऑक्टोबरात, पाहुणे गेल्यावर, ती झाडापाशी गेली तेव्हा बुंध्याशी तिला ताजा भुसा पडलेला दिसला. खोडकिडा होता. तिने बोटांनी साल ठोकून पाहिली, तर तीन बाजूंनी आवाज पोकळ आला. झाडाने अजून एक उन्हाळा काढला असता, फार तर दोन. त्यानंतर ते फळ संपलं असतं.

संपलं म्हणजे कायमचं संपलं. सफरचंदाचं बी आईबापाचं ऐकत नाही. अक्साच्या वडिलांनी एकदा उत्तम सफरचंदाच्या एकतीस बिया पेरल्या होत्या. एकतीस निरनिराळी झाडं आली आणि एकाचंही फळ माणसाने खाण्याजोगं निघालं नाही. एखादं फळ राखायचं तर एकच उपाय असतो. हिवाळा संपता संपता, झाडात रस चढायच्या आत, गेल्या साली वाढलेल्या कोवळ्या काड्या कापायच्या, भुशात ठेवायच्या आणि वसंतात दुसऱ्या झाडाच्या खुंटावर त्यांचं कलम बांधायचं. वडिलांच्या हाताखाली अक्सा हे काम शिकली होती. वॉर्डलीतल्या दुसऱ्या कुणा बाईला ते येत नव्हतं.

अडचण ओरिनची होती. वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे सगळी जमीन त्याची होती. अक्साला लग्न होईपर्यंत घरातली पूर्वेकडची खोली आणि चुलीपुरतं सरपण, एवढा हक्क होता. व्यापाऱ्याने पुरवलेल्या ताडाच्या पानांच्या टोप्या विणून ती आपला खर्च आपण भागवायची, शेतही तीच पाहायची, पण ओरिनचा एक नियम तिथे पक्का होता. त्याच्या जमिनीवरच्या कुठल्याही झाडाला सुरी लावायची नाही. छाटणी नाही, कलम तर नाहीच. एका जिवाचं डोकं उडवून त्याच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवायचं, यापेक्षा मोठी जबरदस्ती कुठली, असं तो विचारायचा. त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

फेब्रुवारीत अक्सा डीकन जोथम केंडलांकडे गेली. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी आणि गावातल्या दारूबंदीचे पुढारी. पाच वर्षांपूर्वी त्यांनी शपथपत्रावर सही केली होती आणि दुसऱ्याच दिवशी, आपल्या फळांची दारू होते म्हणून, स्वतःची, बीपासून वाढवलेली चाळीस झाडांची सफरचंदाची बाग कुऱ्हाडीने आडवी केली होती. खुंट मात्र राहिले होते आणि दर वर्षी त्यांना हट्टाने धुमारे फुटत. त्यातले तीन खुंट ती मागायला आली होती.

डीकनांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे भाऊ गावोगाव सांगत फिरतो की कुणाच्या आधाराने जगू नका, आणि त्याचंच झाड माझ्या मुळांवर जगवायचं म्हणतेस?"

"होय."

"त्याला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

"बघ बाई. मला त्या व्याख्यानातलं अर्धं कळलं नाही, आणि जे अर्धं कळलं ते पटलं नाही. खुंट घे. पण त्या फळाचा एक थेंब जरी कुणी पिंपात आंबवला, तर पुन्हा कुऱ्हाड घालीन."

तिने कबूल केलं. आता राहिला ओरिन. चोरून काड्या कापायला तिला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. तरी ती थांबली, कारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डलीतच त्याचं व्याख्यान ठेवलं होतं आणि तो दोन दिवस घरी येणार होता. झाडाविषयी इतकी माया असलेला माणूस ते मरतंय म्हटल्यावर नाही म्हणणार नाही, असं तिला वाटलं.

सोमवारी दुपारी तो आला. वाळला होता, खोकला होता, पण डोळे तेच, समोरच्या माणसाच्या पलीकडे काहीतरी पाहणारे. तिने मासळीचा रस्सा आणि मक्याची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर ताटलीत दोन पिवळी सफरचंदं आणून ठेवली. बोलता बोलता त्याने एक खाल्लं, मग बोलणं थांबवून दुसरं खाल्लं, आणि देठापाशी उरलेला घास दातांनी खरवडत विचारलं, "हे कुठलं गं? रॉक्सबरीच्या बागांतून मागवलंस का?"

"गडग्यापलीकडचं."

त्याला कळेना. तिने सांगितलं. खोक्यामागे विसरलेली टोपली, मार्चचा वास, चार वर्षं. झाड पोखरलं गेलंय तेही सांगितलं. भराभर सांगितलं, मध्ये थांबलं तर राहून जाईल अशा घाईने. तो हातातल्या देठाकडे पाहत राहिला.

"चार वर्षं ठाऊक होतं तुला," तो म्हणाला. "आणि ते व्याख्यान तू अकरा वेळा उतरवून दिलंस."

"तुझं व्याख्यान होतं. मी कशी बदलणार?"

हे त्याला पटलं असावं. उठून खिडकीपाशी गेला. बाहेर अजून गुडघाभर बर्फ होता. मग तिने काड्यांचं विचारलं, आणि त्याने पाठमोऱ्यानेच मान हलवली. तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, झाड आपल्या नियमाने जगलं, आपल्या नियमाने मरू दे. मरण हाही त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. दुसऱ्याच्या मुळांवर लटकवून ठेवलेलं ते झाड मग ते झाडच राहणार नाही.

"फळ तेच राहील," अक्सा म्हणाली.

"फळ म्हणजे झाड नव्हे. आणि ही गोडी तरी त्याची कुठे आहे? फांदीवर होतं तेव्हा ते आंबट होतं. तळघरात नेऊन तू त्याला गोड केलंस."

अक्साला वादात कधी पटकन सुचत नसे. नंतर, भांडी घासताना सुचायचं. पण या वेळी सुचलं.

"मी काय केलं, ओरिन? टोपलीत ठेवलं आणि विसरले. पाच महिने त्याच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. ते अंधारात आपलं आपणच गोड झालं. तू ऑक्टोबरात एक घास घेतलास आणि म्हणालास, हाच याचा स्वभाव. त्याचा स्वभाव पुरा व्हायला मार्च लागतो, आणि मार्चमध्ये तू कधी घरी नसतोस."

ओरिन खिडकीपासून मागे वळला. मग त्याने विचारलं, काड्या कापाव्यात असं तुझं आतलं मन सांगतं का? ती हो म्हणाली. त्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते आतलं मन नव्हे, अक्सा. ती काटकसर आहे. काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही आपल्या घराची जुनी सवय."

हा घाव मात्र तिला लागला. तो निजायला गेल्यावरही ती ताटली पुसत बसली होती, पुसून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या तळमजल्यावर सारं गाव जमलं. अक्सा बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली. दिवसभर तिला वाटत होतं की ती जागा आली की ओरिन थांबेल. ते पान मिटून ठेवेल आणि सांगेल की एक चूक झाली, ऐका. असं सांगणं त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला शोभलं नसतं. ज्याने प्रार्थना खोटी वाटली म्हणून आपल्याच पोटावर पाय दिला, त्याला यात काय अवघड होतं?

ती जागा आली. ओरिनने पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, समोर पाहिलं. त्याची नजर अक्सावर आली आणि थोडी थांबली. मग त्याने आवाज उतरवला आणि अक्साच्याच अक्षरातलं ते पान शब्दाला शब्द वाचलं. सभागृहात कुणी खोकलं नाही. मागे बसलेल्या डीकनांनीही खोकला आवरून धरला होता.

अक्साला राग आला. रागाखाली वाईटही वाटलं, कारण तिला भावाचा अभिमान होता आणि तो त्या बाकावर बसल्या बसल्या थोडा कमी झाला. पण घरी चालत येताना तिच्या ध्यानात आलं की काल संध्याकाळपासून ती वाट बघत होती ती परवानगीचीच. आधी त्याने हो म्हणावं, मग निदान चार लोकांत कबूल करावं, म्हणजे आपण खऱ्या ठरलो. त्याने कबूल केलं काय, न केलं काय, फळ गोड होतंच. ते तिने स्वतःच्या जिभेने चाखलं होतं. याला आणखी कुणाची सही लागत नव्हती.

सकाळी उजाडताच तिने शिडी घसरगाडीवर घातली, वडिलांची बाकदार सुरी कमरेच्या दोरीत खोवली आणि बर्फातून कुरणात गेली. हाताशी पोचतील अशा फांद्यांवर कोवळी काडी एकही उरली नव्हती. सगळ्या बॉस्टनच्या पुस्तकांत गेल्या होत्या. अगदी वर, शेंड्याकडे, काही दिसत होत्या. पोकळ खोडावर शिडी टेकवायचा धीर होईना, म्हणून तिने जरा जाड फांदी पाहून तिच्यावर टेकवली आणि झगा गुडघ्यापर्यंत खोचून वर चढली. चौथी काडी कापत असताना खाली बर्फ करकरल्याचा आवाज आला.

ओरिन अंगावर कोटही न घेता आला होता.

"खाली ये," तो म्हणाला.

ती थांबली नाही. पाचवी काडी तिने वाकवून जवळ घेतली.

"अक्सा, मी नाही म्हटलं होतं."

"ऐकलं मी. विचार केला आणि मग आले. तूच सांगत असतोस ना, दुसऱ्याच्या नाहीवर थांबू नये म्हणून? आज मी थांबले नाही. यात तुझा मान गेला असेल तर माफ कर, पण खाली येणार नाही."

"हे कुरण माझं आहे," ओरिन म्हणाला. "ते झाड माझं आहे."

म्हणाला आणि स्वतःच दचकला. अक्साने वरून पाहिलं, तर त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं जो गावोगाव सांगत होता की हे झाड कुणाचं नाही, त्याच्याच तोंडून, मृत्युपत्राचा आधार घेऊन, ते शब्द निघाले होते. तिला त्याची दया आली. खाली उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण काड्या सातच मिळत होत्या आणि अजून दोन राहिल्या होत्या. त्या तिने कापल्या. ती उतरली तेव्हा तो निघून गेला होता. दहाच्या टपालगाडीने तो पुढच्या गावाला गेला. जाताना त्याने निरोप घेतला, तो अगदी सभ्यपणे, परक्या माणसाचा घ्यावा तसा.

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. उतरवायला कागदही आले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी अक्साने डीकनांच्या बागेत कलमं बांधली. करवतीने खुंटाचं डोकं सपाट करायचं, मधोमध चीर पाडायची, चिरेत पाचर ठोकून ती उघडी ठेवायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून सालीला साल भिडेल असं बसवायचं, पाचर काढायची आणि वरून मेण, राळ, चरबीचा लेप लावून सगळं बंद करायचं. डीकन बाजूला उभे राहून बघत होते आणि मधूनमधून म्हणत होते की बाईच्या हातचं कलम कधी धरलेलं ऐकलं नाही. सातापैकी सहा काड्या मे महिन्यात वाळून गेल्या. सातवीवरचा डोळा फुगला, फुटला आणि त्यातून मुडपलेली पानं बाहेर आली. त्या दिवशी अक्सा घरी जाऊन एकटीच रडली. आनंदाने रडली की काय, हे तिला धड सांगता आलं नसतं.

जूनमधल्या वादळात गडग्यापलीकडचं झाड पडलं. भरल्या पानांनिशी पडलं. तिने ओरिनला दोन ओळी लिहिल्या. झाड गेलं. एक कलम धरलंय, डीकनांच्या बागेत.

जुलैत तो आला. घरात न येता आधी कुरणात गेला आणि तिथे तासभर बसला. ती गेली नाही, त्याला बसू दिलं. मग तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "दाखव."

डीकनांच्या बागेत तो खुंट त्याला लगेच ओळखू आला नाही. मेणाने माखलेलं चिखलाच्या रंगाचं ते बोडकं डोकं, त्यातून वीतभर निघालेली एक काडी, तिच्यावर सात-आठ पानं. आणि खुंटाच्या अंगावर खाली चहूकडून डीकनांच्या जुन्या झाडाचे स्वतःचे धुमारे फुटलेले, तरतरीत, लांब, काडीपेक्षा कितीतरी जोमदार. ओरिन गुडघे टेकून बसला. त्याने पानाला बोट लावलं नाही.

"मुळं दुसऱ्याची," तो म्हणाला, "खोड दुसऱ्याचं."

"हो."

"फळ कधी येईल?"

"पाच वर्षं. सहासुद्धा लागतील."

"तोवर मी लोकांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," अक्सा म्हणाली. "नाहीतरी अजून आपल्याला काय ठाऊक आहे?"

तो हसला. मार्चनंतर पहिल्यांदा हसला, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग ती त्याच्या शेजारी खाली बसली, कारण त्या आठवड्याचं काम व्हायचंच होतं. दर आठवड्याला ती इथे याच कामासाठी येत होती. खालचे धुमारे वाढू दिले तर सगळा रस तेच ओढून घेतात आणि वरची काडी मरते. ते खुडावे लागतात. तिने पहिला धुमारा अंगठ्याखाली धरला.

"थांब," ओरिन म्हणाला. "हे त्या खुंटाचे स्वतःचे आहेत ना?"

"हो."

"म्हणजे बीपासून वाढलेलं, दुसरं कुणीतरी. डीकनने कापलं तरी पाच वर्षं हे पुन्हा पुन्हा वर यायला बघतंय." तो त्या हिरव्या कोंबांकडे बघत होता, ज्या नजरेने एकेका सभागृहाला गप्प करायचा त्याच नजरेने. पण आवाज व्याख्यानातला नव्हता. "यांचा काय अपराध, अक्सा?"

दर आठवड्याला हा प्रश्न तिच्याही मनात यायचा. त्याला उत्तर असतं तर तिने ते केव्हाच शोधून ठेवलं असतं. पूर्वीची फळं सगळी दारूलाच गेली होती; हा खुंट आपलं फळ कसं असतं ते आता कधीच दाखवू शकणार नव्हता, मार्चमध्येही नाही, आणि ते तिने ठरवलं होतं, स्वतःच्या मनाने, कुणाला न विचारता.

"काही नाही," ती म्हणाली आणि धुमारा खुडला.

ओरिनने डोळे मिटले नाहीत. बराच वेळ तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. एक, मग दुसरा, मग तिसरा. पलीकडच्या बाजूला, जिथे तिचा हात पोचत नव्हता, तिथे एक उरला होता. तिने तो खुड म्हणून सांगितलं नाही. ओरिन आपणच त्या बाजूला सरकला आणि बोटं सालीला लावून थांबला. मग त्याने तो खुडला.